भूल देणाऱ्या डॉक्टर नाही म्हणाल्या

भोईवाड्याच्या कोर्टात मी स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश मॅडम ते नीट वाक्यांत सांगतात आणि मी कॉम्प्युटरवर उतरवते. एका दुपारी चोरीच्या केसमधली उलटतपासणी चालू होती. मॅडम म्हणाल्या, "शेवटचं वाक्य वाचून दाखवा." मी स्क्रीनकडे पाहिलं. वाक्य नव्हतंच, नुसता 'क' होता. कककककक, चांगलं दीड पान. त्या बटणावर बोट ठेवून मी बसल्या जागी झोपले होते.

सगळे हसले. आरोपीसुद्धा हसला. मॅडमनी मात्र नंतर चेंबरमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता मेमो. त्या म्हणाल्या, "हे साधं पेंगणं नाही हो. आठवड्यात तिसऱ्यांदा पाहतेय. डॉक्टरकडे जा."

डॉक्टर मला नवे नव्हते. वजन एकशे बत्तीस किलो. दिवसातून दोनदा इन्शुलिन. ब्लडप्रेशर होतंच, आणि आदल्या वर्षी कळलं होतं की हृदयाचं पंपिंगही कमी झालंय. आता परळच्या एका हॉस्पिटलात झोपेची तपासणी झाली. झोपेत तासाला चाळीसेक वेळा माझा श्वास थांबत होता. रिपोर्ट ऐकून माझा नवरा पांढरा पडला. "आणि मी समजत होतो, घोरणं थांबलं म्हणजे तू शांत झोपलीस!"

तिथल्याच सर्जननी मला वजनाच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. डाएटच्या सगळ्या तऱ्हा करून मी थकले होते. मी लगेच हो म्हटलं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, पंचाहत्तरीच्या. नायगावच्या मार्केटात त्यांनी आयुष्यभर भाजी विकली. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, पण त्यांचा आवाज अजून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखाच.

"काय गो, चांगलं पोट कापून घेणार? त्यापेक्षा मी ताटात कमी वाढते."

"आई, लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही हेच म्हणताय."

यावर त्यांनी मला जेवायला वाढलं. नेहमीएवढंच.

रजा मंजूर झाली, बॅग भरली, आणि ऑपरेशनआधीच्या शेवटच्या तपासणीला भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बारीक चणीच्या, केस पिकलेल्या बाई. त्यांनी माझे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून वाचले आणि चष्मा काढला.

"ताई, मी तुम्हाला आज झोपवू शकते. पण उठवीनच, असं सांगू शकत नाही. तीन महिने घ्या. झोपताना श्वासाचं मशीन लावा, साखर खाली आणा, आठ किलो उतरवा, फुप्फुसांचा व्यायाम करा. मग या, मी स्वतः तुम्हाला भूल देईन."

"आठ किलो उतरवता आले असते तर इथे कशाला आले असते?" मी जवळजवळ ओरडलेच.

"एकशे बत्तीसवरून आठ," त्या शांतपणे म्हणाल्या. "साठवरून नाही मागत."

खाली उतरले आणि हॉस्पिटलसमोरच्या गाडीवर दोन वडापाव घेतले. खाता खाता रडत होते. बरोबर आलेल्या नवऱ्याने एक माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला. "रड तू," तो म्हणाला, "एकावर रडून होईल."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. झोपताना नाकावर मास्क आणि त्यातून छोट्या मशीनकडे जाणारी लांब नळी. आरशात पाहिलं तर थेट हत्ती. पण आठवडाभरातच सकाळी डोकं दुखायचं थांबलं. कोर्टात दुपारी मी जागी! किती वर्षांनी एक अख्खी साक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. वकील किती पाल्हाळ लावतात ते तेव्हा कळलं.

फुप्फुसांसाठी एक प्लास्टिकचं खेळणं मिळालं होतं. त्यात तीन चेंडू. नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात. माझा एकच जायचा, तोही नाइलाजाने. सासूबाई दोन दिवस बघत होत्या.

"आण इकडे."

धुऊन दिलं. त्यांनी पदर खोचला, नळी तोंडात धरली आणि एका दमात तिन्ही चेंडू टकन् वर नेले. वर धरूनही ठेवले.

"ह्यात काय आहे?" त्या म्हणाल्या.

मी इरेला पेटले. त्यांच्यासाठी वेगळं खेळणं आणलं आणि रोज चहानंतर आम्ही समोरासमोर बसू लागलो. त्या मला मुद्दाम हसवायच्या, माझा चेंडू पडायचा. महिन्याने दुसरा वर गेला. पुढे एका सकाळी तिसराही थरथरत गेला, तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारचे दार उघडून बघायला आले. त्या दिवसापासून ताटात खरोखर कमी यायला लागलं. काकडी आणि मोड आलेले मूग निवडून तेच आणायच्या.

तीन महिन्यांनी आठ नाही, नऊ किलो उतरले. पंपिंगही थोडं सुधारलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आणि पहिल्यांदाच हसल्या. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनीच माझा हात धरला होता. डोळे उघडले तेव्हाही त्याच होत्या. "उठवलं," म्हणाल्या.

सर्जन राउंडला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना गाठलं. "डॉक्टर, काढलेला तुकडा दाखवा. इतकी वर्षं मी तो भरत होते." सर्जन जे हसत सुटले, ते पुढच्या खाटेपर्यंत.

नंतरचे महिने सोपे नव्हते. अर्धी वाटी डाळीचं पाणी प्यायला अर्धा तास लागायचा. एकदा हावरटपणे भाकरीचा मोठा घास घेतला आणि सगळं उलटलं. केस गळले. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, चालूच राहतील. पण इन्शुलिन बंद झालं, आणि आज वजन त्र्याण्णव आहे.

परवा सासूबाईंबरोबर दादरला भाजीला गेले. पुलापलीकडे कोवळी मेथी मिळते म्हणून मी पुलाचा जिना चढून पुढे निघाले, तर मागून मार्केटभर ऐकू जाईल असा आवाज आला, "थांब गो! म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा काही विचार आहे की नाही?"

मी परत खाली गेले, त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना हात दिला.