वरच्या मजल्याचा ठोका

स्टुटगार्टच्या त्या गल्लीत गेरोल्ड आयझेलेला कोणी कलाकार म्हणत नसे. 'तळघरातला गोंगाटवाला' म्हणत. बिचाऱ्याने भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले, जुन्या गाद्या ठोकल्या आणि केस वाढवलेल्या पोरांची रॉक गाणी टेपवर उतरवायचा धंदा मांडला. पण भर दुपारी अख्खी गल्ली आडवी होते. तेव्हा कोणी शिंकलं तरी शेजारी खिडकी उघडून बघतात.

या पठ्ठ्याने पहिली रेकॉर्ड नेमकी दुपारीच केली. वर राहणाऱ्या विधवा शॉयफेलेबाई अशा खवळल्या, की झाडूच्या दांड्याने जमिनीवर धाडधाड हाणू लागल्या. ते टेपवर उतरलं, पुसता येईना. रेकॉर्ड तशीच बाजारात गेली, आणि काय सांगावं, लोक त्या ठोक्यावरच फिदा!

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने बजावलं, "तोच ठोका हवा. नाहीतर तळघराला कुलूप घाला."

पण गेरोल्डने मोठ्या मनाने पहिली रेकॉर्ड बाईंना भेट दिली होती. तिथेच घात झाला. बाईंना ती आवडली!

आता दुपारी कितीही ड्रम बडवा, वर शांतता. गेरोल्डने जिना झाडायची आपली पाळी मुद्दाम चुकवली. त्या गल्लीत याहून मोठं पाप नाही. बाईंनी जिना स्वतः झाडला आणि प्लमचा केक घेऊन खाली आल्या.

"कलाकार माणूस, तुम्ही कुठे झाडत बसणार?"

"बाई, हात जोडतो, जरा चिडा हो!"

"चला, काहीतरीच तुमचं! तुमच्यावर कशी चिडू?"

त्याने खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी मनापासून ठोके दिले, पण अगदी पुळचट. प्रेमाने कुठे असं हाणता येतं?

कंपनीने दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी कंपनीचा माणूस येणार. भर दुपारी शेवटचं गाणं रंगात आलेलं, टेप फिरतेय, आणि वरून पहिली रेकॉर्ड ठणाणा वाजू लागली! बाईंनी मैत्रिणींना कॉफीला बोलावलं होतं. गेरोल्डचं डोकंच फिरलं. त्याने झाडू उचलला आणि छतावर दणादण हाणला, चुना पडेपर्यंत.

ड्रमवाला होल्गर थिजलाच. "गेरोल्ड... अरे, हाच तो ठोका!"

संध्याकाळी कंपनीच्या माणसाने टेप ऐकली. त्याचे डोळे पाणावले. "वा! म्हातारीचा हात अजून तस्साच आहे हो!"

गेरोल्डने केसांतला चुना झटकला आणि झाडू पाठीमागे सरकवला.

"हो ना," तो म्हणाला, "भयंकर चिडकी बाई."