पुसून ठेवलेलं खोबरं

बाबा काही वर्षांपूर्वी यकृताच्या आजाराने गेले. ते दारू पीत नव्हते. मला पहिल्या वाक्यामागून दुसरं बोलावंच लागतं, कारण वाडीत कुणाचं लिव्हर खराब झालं की लोक एकच कारण धरतात. दिवसकार्याला आलेले लांबचे एक काका पडवीत बसून म्हणाले होते, "लपान-छपान घेयत आसतलो, आमका काय ठावक!" आई आत चहा गाळत होती. तिने ते ऐकलं, आणि त्यांनाही चहा नेऊन दिला.

मी आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे वर्गातलं मला खरंच कळलंय की नुसतं पाठ झालंय, याची नेहमी शंका वाटते. या पावसाळ्यात मॅडम बुरशीच्या विषांविषयी शिकवत होत्या. दमट शेंगदाण्यावर, मक्यावर, नीट न वाळलेल्या खोबऱ्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. वरची बुरशी पुसली तरी विष आत उरतं. शिजवून किंवा भाजून ते पूर्ण जात नाही. गाईने असलं खाद्य खाल्लं तर दुधातही उतरतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर यकृत बिघडतं, कॅन्सरही होऊ शकतो. प्रत्येक बुरशी विषारी नसते, असंही त्या म्हणाल्या. मी सगळं लिहून घेत होते, पण खोबऱ्यापाशी माझा हात थांबला.

आमच्याकडे पावसात खोबऱ्याच्या वाट्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धूर लागूनही त्यांच्यावर हिरवी-काळी बुरशी येतेच. ते खोबरं कुणी टाकत नाही. आई एकेक वाटी फडक्याने पुसते, उघडीप मिळाली की अंगणात ऊन दाखवते. बरं दिसेल ते चटणीला. काळं पडलेलं घाण्यावर जातं. तेल घरात, पेंड गाईला. बाबांना पेजेबरोबर ती चटणी रोज लागायची.

श्रावणात गाईने खाणं सोडलं. दूधही आटलं. ताई तिच्या लहान मुलीला घेऊन माहेरी आली होती, आणि ती पोर त्याच दुधावर होती. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पेंड हातात घेऊन वास घेतला. "ही बंद करा," ते म्हणाले. "यानेच झालं असं तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण बंद करा. आणि मुलीला सध्या हे दूध नको."

ते गेल्यावर आई पुन्हा खोबरं पुसायला बसली. पेंड बंद झाली तरी वाट्या होत्याच. मी घाबरतच म्हटलं, "आये, ता पुसून जाणा नाय. आत ऱ्हवता."

"दोन बुकां शिकलंस आणि खोबऱ्याक नावां ठेवूक लागलंस?"

ताई हसली. "कॉलेजात ह्यांच शिकवतत? मगे आये, तू मास्तरीण हो."

मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली, मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. यकृताचा शब्द मात्र गिळला.

"आमी जल्मभर ह्यांच खाल्लंव," आई म्हणाली. "तुज्या बापाशीन तर रोज खाल्ल्यान. काय झाला..."

तिचा हात वाटीवरच थांबला. ताईचं हसू गेलं.

आईने वाटी खाली ठेवून विचारलं, "लिवराचा काय बोलली तुजी मॅडम?"

मला खोटं बोलता आलं नाही. लिव्हरवर परिणाम होतो, पण बाबांचं त्यानेच झालं असं आता कुणालाच सांगता येणार नाही, दुसरी कितीतरी कारणं असतात, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"म्हणजे नाय म्हणान पण सांगूक येवचा नाय," ती म्हणाली.

ती उठली, वाट्यांची टोपली घेऊन गोठ्यामागे गेली आणि खड्डा खणू लागली. मी कुदळ घ्यायला पुढे झाले, तर तिने दिली नाही. भाचीने टोपलीतला एक तुकडा उचलला होता. आईने तो तिच्या मुठीतून काढून घेतला आणि तिची बोटं पदराने पुसली, मग पाण्याने धुतली, मग पुन्हा धुतली.

गाय हळूहळू खाऊ लागली. चटणी पुन्हा झाली नाही. पेजेबरोबर आता लोणचं असतं.

गणपतीत ते लांबचे काका आले. आईने कोरा चहा आणला.

"दूध नाय गो?"

"गायीक बरां नाय होता."

"तुजो घोव आसतो तर कोरी च्या पण चालली आसती तेका," काका हसत म्हणाले. "तेका वेगळाच काय तरी लागा."

माझ्याकडे आता त्यांना सांगण्यासारखं काहीतरी होतं. पण ते सांगायचं तर आईसमोर सांगावं लागलं असतं.

"तेणी कधी दारवेक हात लावूक नाय," आई म्हणाली. इतक्या वर्षांत ती हे पाहुण्याला तोंडावर पहिल्यांदाच बोलत होती.

काकांनी कप खाली ठेवला. "मगे कशान गेलो तो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली.