सिग्नल नाय

सकाळपासून लेकाचा फोन लागत नाही. मासेमारीला गेलाय, एरवी दहापर्यंत परततो. आता एक वाजला. सून म्हणते, "थंय सिग्नल नाय आसा आई, घाबरू नकात." घाबरू नकात म्हणे!

माझं लहानपण साठच्या दशकातलं, मालवणातलं. तेव्हा सिग्नल म्हणजे वादळाचा इशारा द्यायला बंदरावर चढवलेला बावटा. तो नसला की सगळे निर्धास्त. एकदा बाबा समुद्रात असताना तो चढला. आये तांदूळ धुऊन दारात बसली. "शीड दिसलां काय भात चढयतंय," एवढंच म्हणाली. संध्याकाळपर्यंत चूल थंड होती.

आज सिग्नल नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

सून विचारते, कुकर का नाही लावलात? तांदूळ तर केव्हाचे धुतलेत.

बंदरावर कोणी असाल तर सांगा ना, आमची बोट दिसते का?