एका बुटाचे दोस्त

फुटबॉलवाल्या घरात किस्से मातीसारखे येतात, बुटाला चिकटून. कितीही झाडा, फटीत उरतातच! आमच्याकडचा पहिला ओल्या पावलांचा.

माझा धाकटा भाऊ दिलीप खेळून आला, मोरीत पाय धुतले आणि शहाबादी फरशीवरून आत गेला. बघते तर डावं पाऊल अख्खं उमटलेलं, उजव्याचा नुसता चवडा! मी दचकले. तशी मी ताटली पडली तरी दचकते.

"दिल्या, उजवी टाच टेकत नाहीस का रे?"

"अक्का, तू बी.ए. झालीस ते फरशी वाचायला व्हय?"

*

त्यांच्या टीममध्ये दोघांत बुटांची एकच जोडी. दिलीप डाव्या पायानं बॉल मारणारा, त्याचा दोस्त मल्लेशम उजव्यानं. म्हणून डावा बूट ह्याला, उजवा त्याला. उरलेल्या पायाला चिंधीची पट्टी. मल्लेशमची आई हातमागावर बसल्या बसल्या म्हणायची, "बरं हाय की! एका जोडीत दोन पोरं निघतात!"

मीही हसले होते. मग एकदा दोघांना मैदानावरून येताना पाहिलं. बूट नसलेल्या बाजूला प्रत्येक जण झुकलेला, खांद्याला खांदा लागलेला. एकाला बाजूला काढलं तर दुसरा पडेल, असं वाटलं.

*

शिवणाची टेप घेऊन मी दिलीपच्या मांड्या मोजल्या.

"पँट शिवतीस काय?"

उजवी बोटभर बारीक निघाली. पुन्हा मोजली. तेवढीच.

*

धीर करून त्यांच्या टीमच्या मास्तरांकडे गेले. "सर, सरावापुरती तरी दोघांनी बुटांची अदलाबदल करावी. दिलीपचा उजवा पाय अगदीच दुबळा राहिलाय."

"पोरी, त्याचा उजवा पाय नुसता हुबं ऱ्हायापुरता हाय! उद्या म्हणशील, डाव्या हातानं जेवा!"

सगळी टीम हसली. सगळ्यात मोठ्यानं दिलीप.

*

कुंभारीच्या टीमशी मॅच होती. कुणा शेठनं प्रत्येकाला मॅचपुरती अख्खी जोडी दिली. दोन्ही पायांत बूट घालून दिलीप असा उतरला, जणू पाय उसने आणलेत! बॉल आला, तो वळला. उजवा बूट मातीत रुतला. अंग वळलं, गुडघा तिथंच राहिला. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "सूज उतरेल. पण ह्या पायात जोर नाही. पुन्हा असाच गेला, तर फुटबॉल विसरायचा."

दिलीप भिंतीकडे तोंड करून पडला. मल्लेशम रोज उंबऱ्यावर येऊन बसायचा. एकदा दिलीपनं जुना डावा बूट त्याच्याकडे सरकवला. "घे. आता दोनी तूच घाल."

मल्लेशमनं बूट उचलून कोनाड्यात ठेवला आणि निघून गेला.

*

दिलीप नीट चालायला लागला, त्यानंतरची एक संध्याकाळ. गिरणीचा भोंगा झाला, मी घरी आले. अंथरूण रिकामं. कोनाडाही रिकामा!

धावत मैदानावर गेले. कुणी दिसेना. पलीकडच्या पडक्या भिंतीमागून बॉलचा आवाज येत होता, थांबून थांबून.

"दिल्या!"

आवाज थांबला.

"दिलीप! अरे, पडलास का? ओ दे रे!"

"अक्का, वरडू नको की! डावा बूट आज मल्ल्याच्या पायात हाय, उजवा माझ्या. माझ्या उजव्यानं बॉल अजून भिंतीपतुर पोचंना!"