ब्रॅकनेलऐवजी जपान

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. ज्या गोष्टीनं त्या दिवशी घाम फुटलेला असतो, तीच पुढे चहाबरोबर सांगायला बरी वाटते. आमच्या नॉटिंगहॅमच्या बायका हळदीकुंकवाला जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सुधावहिनी, जपानचं सांगा." मग एकातून एक निघत जातं.

गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. हे जाऊन दोन वर्षं झाली होती. हे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि त्यांच्या दवाखान्याचं रिसेप्शन मी अठ्ठावीस वर्षं सांभाळलेलं. मुलगा निखिल ब्रॅकनेलला आयटीत. दर रविवारी फोनवर त्याचा एकच धोशा, "आई, एवढा मोठा घर, तू एकटा कसा राहणार? विकून टाकू." जन्म इथला, त्यामुळे मराठी असं. पण हट्ट अस्सल आमच्याकडचा! ब्रॅकनेलच्या त्याच्या घरी गॅरेजवरची खोली माझ्यासाठी रंगवूनसुद्धा ठेवली होती. रंगही त्यानंच निवडलेला.

मला भयंकर राग आला. मी ब्रोशर मागवलं आणि जपानची चौदा दिवसांची टूर बुक केली, देवळं, बागा, सगळं. निखिलला म्हटलं, मी एकटी जाऊन धड परत आले की घराचा विषय बंद. तो कबूल झाला, पण एका अटीवर. टूर लीडरचा माझ्याबद्दल एकदा जरी फोन आला, तर घर विकायचं.

आणि लीडरला स्वतःचा नंबर देऊन मोकळा झाला.

*

टूरआधी लंडनला माहितीची बैठक होती. आम्ही चौदा जण, त्यात तेरा गोरे. लीडर मार्टिन पन्नाशीचा, भला माणूस. पण माझ्याशी बोलताना आवाज चढवायचा आणि एकेक शब्द सुटा करायचा. जपानमध्ये घरात शिरताना चपला बाहेर काढतात, हे त्यानं मला दोनदा समजावलं.

मी म्हटलं, "नॉटिंगहॅमलाही काढतात. माझ्याकडे येऊन बघा."

*

तिसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नान. बायकांचं वेगळं, पण अंगावर एक धागा चालत नाही. आमच्या इंग्लिश बायका पोहण्याचे कपडे घालून आल्या होत्या. ते चालणार नाहीत म्हटल्यावर सगळ्या टॉवेल गुंडाळून दारातच उभ्या राहिल्या.

खरं सांगते, मीही टॉवेलची गाठ दोनदा घट्ट केली. पण मागे फिरायचं असतं तर ब्रॅकनेल काय वाईट होतं? टॉवेल ठेवला आणि शिरले पाण्यात. दहा मिनिटांनी एकेक करत बाकीच्या आल्या. मार्गारेट नावाची बाई म्हणाली, तिला वाटलं होतं सगळ्यांत लाजाळू मीच असणार.

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

*

मग ते डोंगरावरचं देऊळ. साडेतीनशे पायऱ्या. मार्टिन म्हणाला, मी खालीच चहा पीत बसावं. मी नाही म्हटलं. तेव्हा तो गंभीर झाला. तुमच्या मुलाला शब्द दिलाय, आता त्याला कळवावंच लागेल, म्हणाला आणि खिशातून भाड्याचा जपानी फोन काढला.

डोळ्यांसमोर ती रंगवलेली खोली! तरी म्हटलं, "जरूर करा. पण वर पोचल्यावर करा, म्हणजे मलाही बोलता येईल." आणि चढायला लागले. मला एकटीला सोडता येईना, म्हणून तोही मागोमाग.

वर पोचल्यावर त्यानं फोन काढला खरा, पण बोलायला दम उरला नव्हता. माझ्यात होता. नंतर तो विषय त्यानं काढला नाही.

*

क्योटोला चहाचा विधी होता. तासभर जमिनीवर वज्रासनात बसायचं. ग्रुपसाठी बारकी स्टुलं आणली. मी स्टूल परत पाठवलं. अख्खी हयात पूजेला जमिनीवर बसण्यात गेली, तिथे तासाचं काय कौतुक? मला बघून मार्टिनलाही जोर आला. त्यानंही स्टूल नाकारलं.

तास संपला, तो झटक्यात उठला. पायांना मुंग्या आल्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घोटा असा मुरगळला की शेवटचे दोन दिवस कुबड्या! मग प्रवाशांची यादी माझ्या हातात आली. स्टेशनावर माणसं मोजायची, वेळेवर गाडीत चढवायची. उशिरा येणाऱ्यांकडे कसं बघायचं ते मला रिसेप्शनपासून ठाऊक होतं. एकही गाडी चुकली नाही.

*

हीथ्रोला विमान लागलं. दारातच एक माणूस माझ्या नावाची पाटी लावलेली व्हीलचेअर घेऊन उभा. निखिलनं मला न विचारता सांगून ठेवलेली. अंगाचा तिळपापड झाला. शेजारी मार्टिन एका पायावर तोल सांभाळत होता. मी त्याला खुर्चीत बसवलं. त्या माणसाच्या हातात कुबड्या दिल्या आणि खुर्ची स्वतः ढकलायला घेतली.

बाहेर निखिल उभा होता. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मार्टिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, हे कोण?"

"आमचे टूर लीडर. रेडिंगला राहतात, तुझ्या ब्रॅकनेलच्या जवळच आहे. ह्यांना घरी सोड. मी बसनं नॉटिंगहॅमला चाललेय."