गौरीचा शेपू आणि बिअरच्या बशा

आमच्या घरात दारू आली ती शेपूमुळे.

हे वाचून तुम्ही शेपूकडे संशयाने बघाल, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. दोष माझ्या हौसेचा, आणि थोडा एका गोऱ्या गृहस्थाचा, ज्याला मी अजून भेटलेले नाही.

आमच्याकडे गौर येते त्या दिवशी तिला शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. कोल्हापूर भागात बऱ्याच घरी असतो. पण आमच्या आत्याबाईंची (म्हणजे सासूबाईंची) त्यावर एक जादा अट आहे. भाजी विकतची चालत नाही. ज्या घरी गौर बसायची, त्या घरच्या मातीतली पाहिजे. त्यामुळे माझं लग्न झाल्यापासून गौर बसते ती पेठ वडगावला, थोरल्या जाऊबाईंकडे. त्यांचा मळा आहे. आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याच्या पलीकडे एका कॉलनीत राहतो. घरापुढे चार पावलांचं अंगण, आणि त्यातल्या दोन पावलांवर आमच्या ह्यांची स्कूटर. म्हणून दरवर्षी मी वडगावला जायचं, जाऊबाईंच्या चुलीपुढे भाकरी थापायच्या आणि आल्यागेल्या बायकांनी "ह्या धाकट्या व्हय? मास्तरीण?" असं विचारलं की मान डोलवायची. मला एकदा तरी गौर माझ्या दारात हवी होती. अगदी मनापासून हवी होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी थोडी तरी दया येईल.

गेल्या पावसाळ्यात मी धीर करून आत्याबाईंपुढे विषय काढला. आत्याबाई शाहूवाडीकडच्या. तिकडच्या पावसात भाताच्या बांधावरून हाका मारत वाढलेल्या, त्यामुळे घरातही त्या बांधावरूनच बोलतात.

"आत्याबाई, यंदा गौर आमच्याकडं बसवूया की."

"भाजी?"

"पिकवते की अंगणात."

"तू?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "पिकव. दारात शेपू आला तर गौर घिऊन मी सोता येतो. न्हाय आला तर पुन्हा हा इषय काढायचा न्हाय."

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बी कसं रुजतं हे मी आजवर शेकडो पोरांना फळ्यावर काढून दाखवलं आहे, आणि फळ्यावर माझं बी एकदाही कुजलेलं नाही. अंगणात पहिल्याच पेरणीला कुजलं. आषाढातलं कोल्हापूर, दोरीवरचे टॉवेल आठवडा आठवडा ओले, भिंतींना बुरशी, आणि मी वाफ्याला सकाळ-संध्याकाळ नियमाने पाणी घालत होते. (पुस्तकात तसंच होतं.) मग मी मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक गोरा गृहस्थ सापडला. अंगात रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, मागे पाऊस. "आमच्याकडची हवा थंड आणि पावसाळी," असं तो म्हणाला, तेव्हा हा आमच्याच कॉलनीत कुठेतरी राहतो की काय असं मला वाटलं.

त्याच्या सल्ल्याने मी विटा रचून वाफा उंच केला. त्यासाठी स्कूटर गल्लीत गेली आणि हे थोडे नाराज झाले. पण दुसऱ्या पेरणीचा शेपू उगवला! केसासारखा बारीक, हिरवागार. मी त्याचा फोटो जाऊबाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाफ्यात शेपू नाही, नुसत्या चकचकीत ओल्या रेघा, आणि विटांवर जेवून सुस्तावलेल्या गोगलगायी.

"मीठ टाक," हे म्हणाले. मीठ टाकलं. गोगलगायी मेल्या, आणि उरलेला शेपूही मेला.

तिसऱ्यांदा पेरलं, आणि पुन्हा त्या गृहस्थाला शरण गेले. त्याच्याकडे गोगलगायींवर एकच रामबाण उपाय होता. पसरट बशीत बिअर ओतून ती वाफ्याच्या कडेला पुरायची. गोगलगायी वासाने येतात, पितात, आणि पिता पिता बुडतात.

आता आमचे हे. सरकारी ऑफिसात आहेत आणि आयुष्यात त्यांनी दुधापेक्षा कडक काहीही घेतलेलं नाही. चहासुद्धा त्यांना "चढतो".

"अहो, येताना बिअर आणा," मी म्हटलं.

ह्यांनी पेपर खाली घेतला. "काय आणू?"

"बिअर. गोगलगायींना."

"किती जणी येणार आहेत?"

मी सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी जाणार नाही. मला कुणी बघितलं तर?"

"आणि मला बघितलं तर?"

"तुझा कोण संशय घेणार? बाईमाणूस, त्यात मास्तरीण."

मला हे पटलं. विज्ञान शिकवणारी असूनही पटलं.

कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीत मी डोक्यावरून पदर आणि त्यावर रेनकोट घेऊन गेले. काउंटरमागचा माणूस ताडकन उभा राहिला. "नमस्कार बाई!" संतोष होता. माझा जुना विद्यार्थी. आमच्या शाळेची व्यसनमुक्तीची प्रभातफेरी मी काढते, आणि तिचा फलक दोन वर्षं ह्याच संतोषने धरला होता.

"बाई, तुम्ही?"

"गोगलगायींसाठी पाहिजे रे."

"व्हय बाई," तो फार समजूतदारपणे म्हणाला. "माइल्ड का स्ट्राँग?"

"लवकर बुडल्या पाहिजेत."

"मग स्ट्राँगच न्या. चिल्ड देऊ?"

"कशाला? पावसात अंगणातच ठेवायचीय."

संतोषने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पूर्वी त्याच्या विज्ञानाच्या पेपरकडे बघायची. मग बाटली कागदात गुंडाळली, काळ्या पिशवीत घातली, आणि रस्त्यावर कुणी नाही ना हे स्वतः पायरीवर येऊन बघून मला जाऊ दिलं.

दिवेलागणीला शेजारच्या पाटीलवहिनी तुळशीपुढे दिवा लावायच्या आणि मी वाफ्यापुढे बिअर ओतायची. पण पाऊस पडला की बशा भरायच्या आणि बिअरचं पाणी व्हायचं. म्हणून मी प्रत्येक बशीवर एक छत्री उघडून विटांनी दाबून ठेवली. घरातल्या एक सोडून सगळ्या छत्र्या त्यात गेल्या. उरलेली एक माझ्या डोक्यावर धरून हे उभे राहायचे आणि मी ओतायची. एके दिवशी बशी सरळ करायला मी छत्रीखाली वाकले आणि बाटली ह्यांच्या हातात दिली. नेमक्या तेव्हाच पाटीलवहिनींनी भिंतीवरून डोकं वर काढलं. मी छत्रीमागे, त्यांना दिसले फक्त हे. पावसात उभे, हातात बाटली.

"काय चाललंय भावजी?"

"काही नाही वहिनी," हे गडबडून म्हणाले. "रोजचंच."

गोगलगायी मात्र कमी होईनात. उलट वासाने कॉलनीभरातून येऊ लागल्या. जितक्या बुडायच्या त्याच्या दुप्पट काठावर बसून वाट बघायच्या. मला रोज जावं लागायचं. मी लांबून दिसले की संतोष पिशवी तयार ठेवायचा. एकदा हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका, पर जरा कमी करा की. जिवाला जपा."

"अरे, माझ्या हातात आहे का ते? त्यांच्यावर आहे," मी म्हटलं. त्याने मान खाली घातली.

मग वडगावहून जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, भावजी पावसात हुबं राहून पित्यात म्हणं? तू घरात घेत न्हाईस व्हय त्यास्नी?"

मी गोगलगायींची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग त्या म्हणाल्या, "कळलं गं. आपल्या माणसाचं झाकायलाच लागतंय."

कॉलनीतले एक माळकरी आजोबा ह्यांच्यासाठी तुळशीची माळ घेऊन आले. ऑफिसातल्या शिपायाने ह्यांना खाजगीत दारू सोडायचा उपाय सांगितला. "मी दूध पितो हो," असं हे सगळ्यांना सांगत सुटले, आणि लोक "व्हय, व्हय" म्हणत त्यांच्या खांद्यावर हात ठेवत सुटले. मी मात्र वाफ्यापासून हलले नाही. गौर आठवड्यावर आली होती आणि शेपू चार बोटं वर आला होता. मूठभरच, पण माझा.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. गौर घेऊन नाही, नुसत्याच. एसटीतून उतरल्या त्या तडक अंगणात. ओळीने उघडलेल्या छत्र्या बघितल्या. खालच्या बशा बघितल्या. मग मुलाची हनुवटी धरली.

"तोंड उघड."

ह्यांनी उघडलं. आत्याबाईंनी वास घेतला, पुन्हा घेतला. "वास न्हाय," त्या म्हणाल्या. "मुरलेला दिसतोय. कुठनं आणतोस? दाव मला ते दुकान."

ह्यांना घेऊन त्या बिअर शॉपीवर गेल्या. पुढचं मला ह्यांनी सांगितलं. आत्याबाई बांधावरच्या आवाजात संतोषला म्हणाल्या, "माझ्या पोराला पुन्हा बाटली दिलीस तर बघ." संतोष हात जोडून म्हणाला, "आजी, साहेब ही पायरी कधी चढलं न्हाईत. बाई येत्यात. रोज येत्यात. पर लई चांगल्या हायत ओ बाई, मी धावी झालो ते त्यांच्यामुळं."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी ह्यांना विचारलं.

"सांगणार होतो," हे म्हणाले. "पण आई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली."

आत्याबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. आवाज चक्क हळू.

"कवापास्नं?"

"आत्याबाई, ते गोगलगायींसाठी आहे." मी मोबाइलवरचा गोरा गृहस्थ दाखवला. बुडालेल्या गोगलगायी दाखवल्या. त्यांनी सगळं नीट बघितलं.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "माझा चुलताबी रेड्यासाठीच आणायचा."

आता त्या वडगावला परतणार आणि विषय कायमचा संपणार, अशा तयारीने मी डोळे मिटले. पण आत्याबाई उठल्या आणि वडगावला फोन लावला. "गौर यंदा हितंच बसंल. तुझ्यापरास हिला गरज हाय."

गौर माझ्या दारात आली. हळदीच्या पावलांवरून, वाजतगाजत. माझे डोळे भरून आले, आणि आत्याबाईंना वाटलं पश्चात्ताप झाला. माझ्या मूठभर शेपूला त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही. "ह्या वाफ्यातलं गौरीला चालायचं न्हाय. चढंल तिला." नैवेद्याचा शेपू पाटीलवहिनींच्या अंगणातून आला. त्यांच्याकडे यंदा तो कमरेइतका झाला होता. "एकबी गोगलगाय फिरकली न्हाय बघा," त्या कौतुकाने सांगत होत्या. कशी फिरकेल? सगळ्या माझ्याकडे बसल्या होत्या. घरच्या मातीच्या अटीचं काय, असं मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "मधी भिंतच हाय की नुसती."

संध्याकाळी घर बायकांनी भरलेलं असताना त्यांनी माझा हात धरून मला गौरीपुढे बसवलं.

"म्हण, आजपास्नं सोडली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. दाराआड दोन महिला ह्यांना "किती सोसलंत ओ" म्हणत होत्या आणि हे नाही म्हणत नव्हते. जाऊबाई खास वडगावहून आलेल्या, गौर परत न्यायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून दाराजवळच उभ्या होत्या. मी हात जोडले आणि म्हटलं, "आजपासून सोडली."

आणि त्या दिवसापासून मी थेंबालाही शिवले नाही. ना हात थरथरले, ना झोप उडाली. आत्याबाई महिनाभर राहून पहारा करत होत्या. वडगावला निघताना कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावून म्हणाल्या, "एका दिसात सोडली. लई जिगरीची हाय माझी सून." लग्नानंतर त्यांनी माझं केलेलं हे पहिलंच कौतुक. मी वाकून नमस्कार केला आणि ते मुकाट्याने घेतलं. आता खरं सांगायला गेले तर तेवढंही जायचं!