भातगिरणीवरचं इंजिन

नागावचे मिस्त्री इंजिन निवडायला धुतलेली टोपी घालून जात आणि मुलगी बघायला आल्यासारखे त्याच्यासमोर बसत. मी शेठांचा ड्रायव्हर, आणि त्यांच्या मोटारीचं इंजिन जळलं. मोटार नाही तर ड्रायव्हर कशाला? चौथीत शाळा सोडलेल्या मला साताऱ्याहून इतक्या लांब दुसरं कोण ठेवणार? माझी दया येऊन मिस्त्री दुसरं इंजिन शोधायला निघाले.

लाँचचं इंजिन त्यांनी नाकारलं. "ह्ये खोकतंय." भातगिरणीला जोडलेलं मात्र पसंत पडलं. "आवाज बघ, घरंदाज हाय."

ते बसवून शेठांना घेऊन निघालो, तर गिरणी सुरू झाली समजून गावभरच्या कोंबड्या कोंड्यासाठी मागे धावल्या. शेठांचा चेहरा बघवेना.

"शेठ," माझ्या शेजारून मिस्त्री म्हणाले, "एवढी मंडळी कलेक्टरामागं तरी धावतात काय?"

शेठ ताठ बसले. मला म्हणाले, "उद्या मोटार बाजारातून ने."